गाडलेलं अर्थिंग न खोदता कसं तपासायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या गावांतून शेतकरी, वायरमन, पाणीपुरवठ्याचे पंप ऑपरेटर, शाळेचे मुख्याध्यापक आणि जिनिंगमधले इलेक्ट्रिशियन जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे आहेत, पुढे अडचणीचे. एका उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, आणि तिच्या अर्थिंगला महावितरणच्या कर्मचाऱ्यांशिवाय कोणीही हात लावायचा नाही. खाली डीपीबद्दल जे आहे ते तुम्हाला नेमकी तक्रार करता यावी म्हणून.

१. अर्थिंग जमिनीत गाडलेलं असतं. ते बिघडलं हे खोदल्याशिवाय कळतं तरी कसं?

मीटरने कळतं. अर्थिंगच्या पाइपमधून थोडा करंट मुद्दाम जमिनीत सोडायचा आणि तो जाताना किती व्होल्ट खर्ची पडतात ते बघायचं. व्होल्टला करंटने भागलं की रेझिस्टन्स ओहममध्ये मिळतो. अर्थ टेस्टर नावाचं यंत्र हेच करतं. हँडल फिरवायचं जुनं असो की बॅटरीचं नवं.

आकडा मोठा आला म्हणून लगेच फावडं उचलू नका. बिघाड दोन जातींचा असतो. एक मातीचा: धातू शाबूत आहे, पण माती वाळली किंवा पाइपापासून सुटली. दुसरा धातूचा: पाइप गंजला, तार तुटली, नटबोल्ट सुटला. मीटर दोन्हीकडे मोठाच आकडा दाखवतो, उपाय मात्र वेगवेगळे. आपल्याकडे हा फरक न करताच खड्ड्यात कोळसा-मीठ ओततात आणि खाली तुटलेली तार तुटलेलीच राहते. या दोघांना वेगळं कसं करायचं ते प्रश्न ९ मध्ये सविस्तर आहे.

२. आमच्या विहिरीवरच्या मोटरले हात लावला का करंट मारते. अर्थिंग गेलं असन काय?

अर्थिंग गेलंच असेल असं धरा, पण तेवढंच गेलेलं नाही. बॉडीवर करंट आला म्हणजे आत कुठेतरी वाइंडिंगचं किंवा केबलचं इन्सुलेशन फाटलं आहे. तो आलेला करंट जमिनीत गेला नाही म्हणजे अर्थिंगही कामाचं राहिलेलं नाही. दोन वेगळे बिघाड आहेत, दोन्ही शोधायचे.

मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा. वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने, वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातलं इन्सुलेशन मोजून घ्या. एक मेगओहमच्या खाली आलं तर मोटर किंवा केबल दुरुस्तीला गेली पाहिजे. सबमर्सिबल असेल तर केबल मोटरपासून सोडवून वेगळी मोजा. बोअरच्या कडेला घासून केबल सोललेली अनेकदा सापडते. मग अर्थिंग प्रश्न ४ प्रमाणे.

नुसतं अर्थिंग सुधारून तीच मोटर चालवत राहू नका. गळणारा करंट रोज जमिनीत जात राहील, आणि ज्या दिवशी अर्थिंगची तार तुटेल त्या दिवशी मोटर, पाइप, स्टार्टरची पेटी सगळं पुन्हा जिवंत होईल.

३. वायरमन फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून दाखवतात. बल्ब फुल पेटला म्हणजे अर्थिंग चांगलं ना?

नाही. हिशोब करून बघा. १०० वॅटच्या पिवळ्या बल्बचा पेटलेल्या अवस्थेतला रेझिस्टन्स ५२९ ओहम असतो. अर्थिंग ५ ओहमचं असेल तर बल्बला जवळपास पूर्ण २३० व्होल्ट मिळतात. अर्थिंग ५० ओहमचं, म्हणजे अगदी खराब असेल, तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात. डोळ्यांना हा फरक धड दिसतही नाही. अर्थिंग पूर्णच तुटलं आहे का, एवढंच या चाचणीतून कळतं.

शिवाय ती धोक्याची आहे. तार खाली तुटलेली असेल तर बल्बमधून आलेला फेज त्या तारेला जोडलेल्या प्रत्येक बॉडीवर चढतो. त्या क्षणी घरातली बाई कूलरमध्ये पाणी टाकत असेल तर? ही चाचणी बंद व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

मल्टिमीटरच्या ओहम रेंजनेही हे मोजता येत नाही. जमिनीत आधीच थोडं व्होल्टेज असतं आणि मल्टिमीटरचा डीसी त्यात गोंधळतो. शिवाय दोन टोकांत मोजलं की दुसऱ्या टोकाचा रेझिस्टन्सही त्यात मिसळतो.

४. मग बरोबर पद्धत कोणती? आमच्या शेतात उभं राहून करून घेता येईल अशी सांगा.

तीन टोकांची पद्धत. अर्थ टेस्टर, दोन लोखंडी सळया, दोन लांब वायरी आणि टेप, एवढं सामान पुरतं.

आधी सप्लाय पूर्ण बंद. अर्थिंगची तार सोडण्यापूर्वी ती तार आणि दूर रोवलेली सळई यांच्यात व्होल्टमीटर लावून बघा. सप्लाय बंद असूनही व्होल्टेज दिसलं तर थांबा, कारण कुठून तरी ते परत येतं आहे (प्रश्न १५). शून्याच्या आसपास असेल तरच पाइपाची तार सोडवा, नाहीतर तुम्ही फक्त तुमचा पाइप न मोजता त्याला जोडलेलं सगळंच मोजाल.

अडीच मीटरच्या एका पाइपासाठी करंटची सळई ४० मीटरवर रोवा. व्होल्टेजची सळई त्याच रेषेत साधारण ६२ टक्क्यांवर, म्हणजे २५ मीटरवर. रीडिंग घ्या. मग तीच सळई ४ मीटर अलीकडे, २१ वर, आणि ४ मीटर पलीकडे, २९ वर रोवून पुन्हा घ्या. समजा ६.१, ६.३, ६.४ असे आकडे आले, तर ६.३ धरा. ४, ६, ९ असे चढत गेले तर करंटची सळई पाइपाच्या फार जवळ आहे; तिला आणखी लांब न्या. ज्याने एकच रीडिंग घेऊन कागदावर आकडा लिहिला, त्याच्या कागदावर विश्वास ठेवू नका.

सळयांची रेषा तारेच्या कुंपणाच्या बाजूने किंवा पाण्याच्या लोखंडी पाइपलाइनवरून नेऊ नका. वरून लाइन जात असेल तर तिच्याशी काटकोनात जा. अर्थ टेस्टर मुद्दाम ५० हर्ट्झपासून वेगळ्या वारंवारतेवर मोजतो, तरी लाइनखाली रीडिंग नाचतं.

५. मे महिन्यात वावराला हातभर भेगा पडतात, सळई भेगेतच जाते. आमच्या बरडावर तर सळई शिरतच नाही. काय करायचं?

भेगेत सळई लोंबकळत ठेवू नका, बाजूच्या घट्ट ढेकळात ठोका आणि तांब्याभर पाणी ओता. पाणी फक्त मोजायच्या दोन सळयांना. ज्या पाइपाची परीक्षा आहे त्याला आत्ता नाही.

खडकावर सळईची गरजच नाही. ओलं पोतं अंथरा, त्यावर लोखंडी जाळी किंवा पत्रा ठेवा, वर दगड ठेवा आणि वायर पत्र्याला लावा. करंट तेवढ्यातून जातो. टेस्टरने सळईचा रेझिस्टन्स जास्त असल्याची खूण दाखवली तर पोतं आणखी भिजवा.

६. किती ओहम पाहिजेत? कोणी १ म्हणतं, कोणी ५, कोणी १०.

एकच आकडा सगळ्यांना लागू नाही, आणि माती कोणती हे न विचारता आकडा सांगणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. ४० मिलिमीटर जाडीचा, अडीच मीटर लांबीचा पाइप घ्या (अर्थिंगच्या आयएस ३०४३ या भारतीय मानकात पाइप अर्थिंगची किमान लांबी हीच आहे). मातीची रेझिस्टिव्हिटी, म्हणजे माती करंटला किती अडवते याचं माप, १० ओहम-मीटर असेल, जशी ओल्या काळ्या मातीत मिळते, तर पाइप साडेतीन ओहम देईल. १०० ओहम-मीटरच्या मुरमाड जमिनीत तोच पाइप ३५ ओहम देईल. हजाराच्या खडकात ३५० ओहम. काम तेच, पाइप तोच.

आता दुसरी बाजू. समजा डीपीच्या न्यूट्रलचं अर्थिंग ५ ओहम आहे आणि तुमच्या घराचं १० ओहम. घरात फेज बॉडीला लागला तर करंट २३० भागिले १५, म्हणजे सुमारे १५ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच, यावर पडत नाही. आणि बॉडीवर तोवर १५३ व्होल्ट उभे असतात. १० ओहमचं अर्थिंग 'पास' झालेलं घर असं माणूस मारू शकतं.

म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा, म्हणजे करंट जमिनीत गळला की सप्लाय तोडणारा स्विच. अर्थिंग १०० ओहमचं असलं तरी बॉडीवरचं व्होल्टेज ३ च्या पुढे जाण्याआधी तो पडलेला असतो. यवतमाळच्या बरडावर किंवा गडचिरोलीच्या खडकात आणखी चार पाइप ठोकण्याआधी हा खर्च करा. मोटरसाठी त्याच कामाचा चार पोलचा आरसीसीबी किंवा अर्थ लीकेज रिले मिळतो.

७. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं की तो पडतो. म्हणजे अर्थिंगही तपासलं गेलं ना?

अजिबात नाही. ते बटण आतल्या आत फेज आणि न्यूट्रलमध्ये फरक निर्माण करतं, अर्थिंगची तार त्या वाटेत येतच नाही. अर्थिंग नसलेल्या घरातही बटण दाबल्यावर आरसीसीबी पडतो. बटण महिन्यातून एकदा दाबा, त्यातून आरसीसीबी जिवंत आहे एवढं कळतं. अर्थिंगचं उत्तर प्रश्न ४ मधूनच मिळेल.

८. ऑगस्टमध्ये २ ओहम आलं, मे महिन्यात १४. खरा आकडा कोणता?

दोन्ही खरे. धरायचा मे महिन्याचा, कारण अर्थिंगला वर्षातल्या सर्वात वाईट दिवशीही काम करायचं आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही पुरवठादाराने आपली अर्थिंग कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी, दोन वर्षांतून किमान एकदा तपासावी आणि नोंद ठेवावी असं आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून ही अट चालत आली आहे. घराला आणि विहिरीला हेच माप लावायला काय हरकत आहे? पावसाळ्यात मोजून मिळालेला सुंदर आकडा दाखवून बिल काढणाऱ्या कंत्राटदाराला मे महिन्यात परत बोलवा.

मे महिन्याचे आकडे दरवर्षी एका वहीत लिहा. ११, १२, १४ असा चढ असेल तर गंज किंवा कोरडेपणा हळूहळू वाढतो आहे. १२ वरून एकदम ९० झाले तर काहीतरी तुटलं आहे. मागचा आकडाच नसेल तर हे कळायला दुसरा मार्ग नाही.

९. आकडा वाढलेला आहे. माती बिघडली की धातू, हे न खोदता कसं ओळखायचं?

सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे मातीला वेगळं मोजणं. चार सळया एका रेषेत, समान अंतरावर, वीतभरापेक्षाही कमी खोल रोवायच्या. बाहेरच्या दोघींतून करंट, आतल्या दोघींत व्होल्टेज. ही वेनर पद्धत आहे, शंभर वर्षांहून जुनी. चार टर्मिनलचा टेस्टर असेल तर लगेच होते. अंतर मीटरमध्ये, त्याला रीडिंगने गुणा, मग ६.२८ ने गुणा. अडीच मीटर अंतरावर ०.६ ओहम आलं तर ९.४ ओहम-मीटर. अंतर जेवढं, साधारण तेवढ्या खोलीपर्यंतची माती यात मोजली जाते, म्हणून अडीच मीटरच्या पाइपासाठी अडीच मीटर अंतर ठीक. सळया गाडलेल्या पाइपापासून चांगल्या लांब ठेवा, नाहीतर करंट धातूतून आडवाटेने जातो.

प्रश्न ६ मधल्या पाइपाचा रेझिस्टन्स रेझिस्टिव्हिटीच्या साधारण एक तृतीयांश येतो. म्हणजे ९.४ च्या मातीत त्याने तीन-साडेतीन ओहम द्यायला हवेत. प्रत्यक्षात ४ आले तर सगळं ठीक. प्रत्यक्षात २८ आले तर माती निर्दोष आहे आणि काहीतरी अडलं आहे.

अडलं म्हणजे दोनपैकी एक. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पाइपाभोवती बोटभर पोकळी राहते, किंवा धातू तुटला. यासाठी खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी सावकाश जिरवा, काही तास थांबा, पुन्हा मोजा. २८ वरून ५-६ वर आलं तर पोकळी होती. बेंटोनाइट, म्हणजे ओल धरून फुगणारी माती, भरून ती बुजवता येते. २८ चे २४ झाले तर पाणी पाइपापर्यंत पोचूनही करंट पाइपापर्यंत पोचत नाही. तार किंवा जोड गेला.

आणि हे सगळं करण्याआधी खड्ड्याचं झाकण उघडून तार जिथे मातीत शिरते ती जागा बघा. हवा आणि माती यांच्या सीमेवर ओल आणि प्राणवायू दोन्ही मिळतात, त्यामुळे ८ नंबरची जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी, तार बाकी ठिकाणी धडधाकट राहून नेमकी तिथे सडते. वरून राखाडी, जस्त चढलेली दिसते. चिमटीत धरून हलवली की आतून तपकिरी भुगा पडतो आणि काडीसारखी मोडते. तांब्याची तार थेट जीआय पाइपाला गुंडाळली असेल तर त्या जोडाकडे आधी जा, कारण तांब्याच्या संगतीने जस्त आणि लोखंड लवकर खाल्लं जातं.

१०. क्लॅम्प मीटर नुसता तारेला अडकवला की रीडिंग देतो म्हणे. सळया नकोत, तार सोडणं नको. तोच वापरू का?

वापरा, पण कुठे चालतो ते समजून घ्या. अर्थ क्लॅम्प आपल्या जबड्यातून त्या तारेत थोडं व्होल्टेज निर्माण करतो आणि वळसा घालून परत येणारा करंट मोजतो. वळसा पूर्ण व्हायला दुसरं अर्थिंग लागतं, आणि ते वरून तारेने जोडलेलं असावं लागतं.

शाळेत किंवा पाण्याच्या टाकीवर अर्थिंगचे तीन-चार खड्डे असतील आणि सगळे एका पट्टीला जोडलेले असतील तर याच्यासारखं सोपं काही नाही. प्रत्येक खाली जाणाऱ्या तारेला क्लॅम्प लावत जा. बाकीच्या तारा ८-१० दाखवतात आणि एक ६० दाखवते किंवा मीटर उघडी वाट असल्याचं सांगतो, तर त्या एकीचा खड्डा खराब.

जिथे फसतो ती ठिकाणं अशी. शेतावर एकच पाइप आहे आणि त्याचा न्यूट्रलशी संबंध नाही, तिथे क्लॅम्प उघडी वाट दाखवेल. अर्थिंग उत्तम असलं तरी. याच्या उलट दोन खड्डे जमिनीखालूनही पट्टीने जोडलेले असतील तर ०.१ असा आकडा येईल. तो पट्टीच्या बंद कडीचा रेझिस्टन्स आहे, मातीशी त्याचा संबंध नाही. खडकाळ जमिनीत एका पाइपाला क्लॅम्पने अर्धा ओहम आला तर आनंद मानू नका, कडी शोधा.

११. आम्ही दर्यापूरकडचे. खारपाणपट्ट्यात अर्थिंग नेहमी १-२ ओहमच येतं. मग तपासायची काय गरज?

तुम्हालाच जास्त गरज. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाण्याच्या त्या पट्ट्यात, मातीत आणि भूजलात क्षार आहेत. क्षार करंटला वाट देतात म्हणून आकडा छान येतो, आणि तेच क्षार जस्त नि लोखंड झपाट्याने खातात. पाइप अर्धा सडला तरी उरलेला अर्धा त्या मातीत चांगलाच आकडा देतो. ओहमवर बसून राहिलात तर इशारा मिळेल तो तुटल्यावरच. आणि अशा जमिनीत वरून आणखी मीठ टाकणं म्हणजे पाइपाचं आयुष्य स्वतःच्या हाताने कमी करणं. तिथे मीठ नकोच.

गंज मोजायला वेगळी चाचणी आहे. तांबं-मोरचूदाचा प्रमाण इलेक्ट्रोड ओल्या मातीवर टेकवायचा आणि त्याच्या तुलनेत गाडलेल्या धातूचं डीसी व्होल्टेज बघायचं. जस्ताचा थर शाबूत असेल तर उणे १ व्होल्टच्या आसपास येतं. थर संपून लोखंड उघडं पडलं की ते उणे अर्धा ते उणे पाऊण व्होल्टकडे सरकतं. दरवर्षी मोजलं तर थर कधी संपला हे कळतं, म्हणजे लोखंड खायला सुरुवात झाली त्याच वर्षी. अट एकच: पाइप बाकीच्या धातूंपासून सोडवून मोजा. तांब्याशी जोडलेला असेल तर मिसळलेला आकडा येतो आणि त्यातून काही ठरवता येत नाही.

१२. आमच्या जिनिंगच्या यार्डात जमिनीखाली पट्ट्यांची जाळी आहे. अर्थ टेस्टरने ०.८ ओहम येतं. जाळी ठीक समजायची का?

एवढ्यावरून नाही, आणि ३३ केव्ही उपकेंद्रांनाही हेच लागू आहे. जाळी मधून तुटून दोन तुकडे झाले तरी प्रत्येक तुकडा मोठा असतो, प्रत्येकाचा मातीशी संबंध चांगला असतो, आणि दोन्हीकडे ०.८, ०.९ असेच आकडे येतात. पण फॉल्टच्या, म्हणजे फेज धातूला किंवा जमिनीला लागण्याच्या, वेळी एका तुकड्यावर हजारो व्होल्ट आणि शेजारच्या तुकड्यावर कमी, अशी स्थिती होते आणि दोघांच्या मध्ये माणूस उभा असतो. म्हणून जाळीत आधी सलगता तपासायची, मग ओहम.

५० गुणिले ६ मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीचा रेझिस्टन्स दर मीटरला साधारण अर्धा मिलिओहम असतो. ट्रान्सफॉर्मरजवळची वर आलेली पट्टी संदर्भ धरा. तिथून प्रत्येक यंत्राच्या, खांबाच्या, कुंपणाच्या पट्टीपर्यंत १० अँपिअर किंवा जास्त करंट पाठवून व्होल्टेज मोजा. २० मीटरवरच्या पट्टीला १० मिलिओहमच्या आत यायला हवं, जाळीत समांतर वाटा असल्याने कमीच. एखाद्या ठिकाणी २०० मिलिओहम आले तर करंट लांबचा वळसा घेऊन येतो आहे. १ ओहमच्या वर गेले तर ती पट्टी जाळीपासून सुटली आहे आणि करंट मातीतून येतो आहे.

सुटली कुठे, हे वरून चालत शोधता येतं. त्या दोन टोकांत काही शे हर्ट्झचा करंट सोडायचा आणि जमिनीलगत कॉइल धरून चालायचं. पट्टीच्या बरोबर वर चुंबकीय क्षेत्र सर्वात जास्त असतं. सिग्नल एका जागी अचानक पडला तर तिथेच तुटलं किंवा वेल्ड सुटला. जाळीत करंट अनेक वाटांनी विभागतो, त्यामुळे नकाशा हातात हवा आणि कोणत्या पट्टीत करंटचा साधारण किती हिस्सा यावा याचा अंदाज हवा. नकाशा नसेल तर याच कॉइलने आधी तो काढून घ्या. सोबत सळईने मीटर-मीटरवर पृष्ठभागाचं व्होल्टेज मोजत गेलात तर तुटलेल्या जागेपाशी ते एकदम उडी मारतं. हे काम परवानाधारक परीक्षकाकडूनच करून घ्या. आयईईई ८१ या मानकात या पद्धतींची रीत दिलेली आहे, अहवाल मागताना त्याचं नाव घ्या.

१३. जमिनीखालचं दाखवणारं रडार किंवा मेटल डिटेक्टर आणला तर?

काळ्या मातीत रडारवर पैसे घालू नका. ओली चिकणमाती रडारच्या लहरी गिळून टाकते, मीटरभर खोलीही धड दिसत नाही. कोरड्या रेताड किंवा खडकाळ जमिनीत पट्टी कुठून गेली आहे ते दिसतं. मेटल डिटेक्टरला उथळ पट्टी सापडते. पण दोन्ही यंत्रं धातू आहे एवढंच सांगतात, तो जोडलेला आहे का हे नाही. ते प्रश्न १२ मधली कॉइल सांगते.

१४. पावसात डीपीजवळ बैल पडला. माणसाला काहीच झालं नाही. बैलालाच का?

जमिनीत फॉल्टचा करंट शिरला की त्या जागेपासून दूर जाताना व्होल्टेज उतरत जातं. दोन पायांखालच्या जमिनीत जो फरक पडतो तो शरीराला बसतो. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटरच्या आसपास अंतर असतं आणि करंट छातीतून जातो. माणसाच्या दोन पावलांत अंतर कमी, शिवाय करंट बहुतेक पायांतूनच जातो.

डीपीला साधारणपणे न्यूट्रल, बॉडी आणि वीजरोधक (आकाशातल्या विजेपासून वाचवणारं उपकरण) यांचं वेगवेगळं अर्थिंग असतं. त्यातलं एखादं खराब झालं किंवा तार खांबाच्या बुडाशी तुटून मातीला टेकली, तर त्या बुडाशीच हा उतार सगळ्यात तीव्र होतो. लाइन कर्मचारी दोन सळया मीटरभर अंतरावर रोवून, मीटरला १००० ओहमचा रेझिस्टर समांतर जोडून तो मोजू शकतात. तक्रार करताना "डीपीच्या बुडाशी जमिनीत व्होल्टेज आहे, स्टेप व्होल्टेज मोजून द्या" असं सांगा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. विजेच्या तक्रारीचा नंबर १९१२ आहे. जनावर दगावलं असेल तर जागेवरचं काही हलवू नका, पंचनामा आणि विद्युत निरीक्षकाची पाहणी होऊ द्या.

डीपीला, खांबाला, खांबाच्या ताणाला जनावर बांधू नका. पायाला मुंग्या आल्यासारखं वाटलं तर मोठी पावलं टाकू नका, पाय जमिनीवरून घासत, अगदी छोटी पावलं टाकत लांब व्हा.

१५. न्यूट्रल गेला की आमच्याकडे अर्थिंगवर बल्ब, पंखा, कधी एक एचपीची मोटरही चालवतात. यानं अर्थिंग खराब होतं का?

अर्थिंगपेक्षा माणसं मरतात. १० ओहमच्या अर्थिंगवरून एक एचपीच्या मोटरचे ६ अँपिअर गेले तर त्या तारेवर ६० व्होल्ट उभे राहतात, आणि ते घरातल्या प्रत्येक अर्थिंग केलेल्या वस्तूवर येतात. शेजाऱ्याने हे केलं आणि दोघांचं अर्थिंग एकच असेल तर तुमच्या फ्रिजवरही. प्रश्न ४ मध्ये सप्लाय बंद असूनही तारेवर व्होल्टेज दिसतं ते अनेकदा यामुळेच. आरसीसीबी असेल तर असं जोडलं की तो लगेच पडतो, आणि मग लोक आरसीसीबीच काढून टाकतात. तसं कोणी केलं असेल तर तो आजच परत लावा. एका घरात बल्ब मंद आणि शेजारी फुटतात, ही न्यूट्रल तुटल्याची खूण आहे. तक्रार न्यूट्रलची करा, अर्थिंगची नाही.

१६. अर्थिंग ३ ओहम असूनही वीज पडली तेव्हा स्टार्टर, टीव्ही सगळं जळालं. मोजणी चुकली का?

मोजणी बरोबर असू शकते. टेस्टर कमी वारंवारतेवर मोजतो. विजेचा लोळ मायक्रोसेकंदांत चढतो, आणि तिथे तारेची लांबी आणि वळणं महत्त्वाची ठरतात. १० मीटर तारेत साधारण १० मायक्रोहेन्री असतात. मायक्रोसेकंदाला १० हजार अँपिअर या वेगाने करंट चढला तर नुसत्या तारेवर एक लाख व्होल्ट पडतात, खालचा पाइप कितीही चांगला असला तरी. अर्थिंगची तार सरळ आणि आखूड ठेवा, उरलेली तार गुंडाळून वेटोळं करून ठेवू नका. आणि पेटीत सर्ज प्रोटेक्टर लावा.

१७. सौर पंपाचं अर्थिंग याच पद्धतीने तपासायचं का?

हो, पण दिवसा पॅनेल बंद होत नाही हे लक्षात ठेवा. आधी डीसी आयसोलेटर पाडा आणि पॅनेलच्या चौकटीला हात लावण्याआधी मीटरने बघा. पॅनेलचा सांगाडा, कंट्रोलर आणि वीजरोधकाचे खड्डे जोडलेले असतील तर क्लॅम्पही चालतो (प्रश्न १०). सांगाड्याचे पाय काँक्रीटमध्ये आहेत म्हणजे अर्थिंग झालं, असं समजू नका. जोडाची तार आहे ना ते बघा.

१८. दोष सापडला तर शेवटी खोदावंच लागणार ना?

बहुतेक वेळा फूटभर. तार मातीत शिरते ती जागा आणि पाइपाच्या डोक्यावरचा जोड, बरेचसे धातूचे दोष इथेच सापडतात. पाइपच गेला असेल तर तो उपटत बसू नका. पाइपाच्या लांबीइतक्या अंतरावर, म्हणजे किमान अडीच मीटरवर, नवा ठोका आणि दोन्ही जोडा. जवळ ठोकले तर दोघे एकाच मातीवर ओझं टाकतात आणि फायदा कमी होतो.

नवं करताना पुढच्या तपासणीची सोय आत्ताच करा. तार आणि पाइप यांच्यात दोन बोल्टची सोडवता येणारी पट्टी ठेवा, ती मातीत न गाडता, झाकणाच्या खड्ड्यात. जोडाला डांबर किंवा ग्रीस लावा. खड्डा बुजवण्याआधी टेप ठेवून मोबाइलवर फोटो काढा आणि दोन पक्क्या खुणांपासूनची अंतरं वहीत लिहा: विहिरीच्या कठड्यापासून किती, पंपघराच्या कोपऱ्यापासून किती. रोटाव्हेटर किंवा जेसीबी वावरात उतरवण्याआधी ते पान चालवणाऱ्याला दाखवा.